सातवी ओळ

१२ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. बिश्केकहून निघालेली गाडी खिंडीत दोन तास बर्फात अडकली, उमसुनाई माझ्या मांडीवर दोनदा ओकली, आणि तरीही मी आज खुशीत आहे. चोंग-बुलाकच्या वाचनालयामागच्या दोन खोल्या आम्हा मायलेकींना राहायला दिल्यात. चूल छान पेटते, कोळशाची दोन पोती आधीच येऊन पडलीत, आणि खिडकीतून डोंगर इतका जवळ दिसतो की उमसुनाईने त्याला हात लावून बघायचं ठरवलंय. सहा वर्षांच्या पोरीला डोंगर म्हणजे शेजारचं कुंपण.

काम सोपं आहे. सहा आठवडे इथल्या बायकांना प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं, अगदी अआइई पासून. सोमवार आणि गुरुवार, दुपारी तीन ते पाच. सहा जुने कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक खोकतो, पण चालतो.

वाचनालय सांभाळतात त्या सोनुन आपा. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र मेंढ्या हाकणारा. गरम बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि वाडगाभर साय घेऊन आल्या, आम्हाला खाऊ घातलं आणि मग आमच्याकडे कोणीही विचारतं तेच विचारलं: कोणाची मुलगी, कुठलं कूळ, सात पिढ्यांचे बाप कोण. मी धडाधडा म्हणून दाखवले. नूरमत, साटार, एशिम, कारागेर, बेकतेन, दोलोन, आणि सातव्याला मला नेहमीसारखा खोकला आला. आपांनी पाठीवर थोपटलं. कारागेर ऐकून म्हणाल्या की घोड्याचं नाव माणसाला ठेवलेलं पहिल्यांदाच ऐकतेय. मी म्हटलं, आमचे लोक घोडावेडे.

रोजनिशीत खरं लिहायला काय हरकत आहे? ही सगळी नावं माझ्या थापा आहेत. मी बालगृहात वाढले. 'ज्याला सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम' असं वर्गातली पोरं ओरडायची, म्हणून नवव्या वर्षी मी बाप गोळा केले. नूरमत आमचा सुई टोचणारा डॉक्टर. साटार कोपऱ्यावरच्या चांभाराच्या पाटीवरचं नाव. कारागेर रखवालदाराचा घोडा. दोलोन नकाशातली एक खिंड. सहा जमले. सातवा सुचलाच नाही, तिथे मी खोकते. पंचवीस वर्षं कोणी पकडलं नाही.

उमसुनाईच्या बापाने तिला नाव दिलं नाही, तेव्हा तिच्या वाट्यालाही हेच उसने पूर्वज. पुढच्या वर्षी शाळेत तिला विचारतील. शिकवायला हवेत. पण जीभ रेटत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

पहिला वर्ग. पाच बायका आणि सहाव्या सोनुन आपा, 'मी नुसती बघायला बसते' म्हणत पुढच्या रांगेत. आज इनपुट शिकवलं. प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, 'नाव सांगा', आणि तिथेच थांबतो. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

पावाचं दुकान चालवणारी अनारकान सगळ्यांत बोलकी. तिने विचारलं, किती वेळ थांबतो? मी म्हटलं, वीज असेपर्यंत. त्याला ना भूक ना झोप, ना घरी कोणी वाट बघतंय. अनारकान म्हणाली, असा नवरा मिळाला असता तर बरं झालं असतं.

उमसुनाई मागच्या लोकरीच्या नमद्यावर बसून चित्रं काढत होती. घरी आल्यावर मला म्हणाली की पडद्यावरचा तो बिचारा चौकोन वाट बघून कंटाळत असेल, त्याला काहीतरी सांगून टाकू या.

१९ जानेवारी, सोमवार

आज फंक्शन. समजावताना माझी गाडी रुळावरून घसरत होती, तेव्हा अनारकान धावून आली. म्हणे, "सूनच की ती. चहा कसा करायचा ते एकदा शिकवायचं, मग नुसती नावाने हाक मारायची." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, फरक एवढाच की फंक्शन उलटून बोलत नाही. सोनुन आपांचं म्हणणं पडलं की न बोलणाऱ्या सुनेचीच जास्त भीती बाळगावी.

एकीचा प्रोग्रॅम गडबडला. नाव न लिहिताच तिने कळ दाबली, तर त्याने रिकाम्या जागेला नमस्कार केला. मी सांगितलं की ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आपण तपासत नाही म्हणून तो काहीही आत घेतो. रिकामंसुद्धा. कसं तपासायचं ते पुढे शिकवीन.

२२ जानेवारी, गुरुवार

आजचा धडा मला स्वतःलाच आवडला. माझ्या डोक्यातून निघालेला म्हणून जरा जास्तच. बायकांना मुलंबाळं आहेत, घरी सात पिढ्या पाठ करून घ्यायच्या असतात, मग त्याचाच प्रोग्रॅम का नको? फंक्शनचं नाव ठेवलं 'या'. प्रोग्रॅम सात वेळा नाव विचारतो. प्रत्येक नाव 'या'ला द्यायचं, आणि ते परत देतं: 'या, अमुक. आत या. मानाच्या जागी बसा.' दारासमोरच्या भिंतीपाशी पाहुण्याला बसवताना म्हणतात तेच शब्द.

बायका इतक्या रंगल्या की चहा गार झाला. सगळ्यांनी आपापले सात बाप बोलावले. एकट्या सोनुन आपांनी बोटं आखडून घेतली. त्यांच्या अंगाला तेलाचा वास येत होता. आज गुरुवार, घरोघरी मेलेल्यांसाठी सात रोट्या तळायच्या, तेलाचा वास वर जाऊ द्यायचा, नावं घेऊन दुवा म्हणायची आणि तोंडावरून हात फिरवून त्यांना निरोप द्यायचा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बोलावलं की खाऊ घालायचं आणि वाटेला लावायचं, पोरी. तुझ्या यंत्रात वाटेला लावायचं कुठंय?"

मी म्हटलं, आपा, हा नुसता अभ्यास आहे.

सगळ्या गेल्यावर मी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर माझी सहा नावं घालून बघितली. सातव्याला इथे खोकून भागेना. रिकामीच ओळ ठेवून कळ दाबली. पडद्यावर आलं: 'या,    . आत या. मानाच्या जागी बसा.' मला हसूच आलं. तेवढ्यात वीज गेली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी वाचनालयात घोड्याचा वास. खिडक्या बंद होत्या. भिंतीकडचे नमदे मी काल गुंडाळून ठेवले होते, ते पसरलेले. सहा ठिकाणी बसल्याच्या खळग्या. सातव्या ठिकाणी नमदा सपाटच, पण हात ठेवला तर गार, पाण्यात बुडवल्यासारखा.

आपांना विचारलं, रात्री मुक्कामाला कोणी होतं का. नाही म्हणाल्या. किल्ली माझ्याकडे आणि त्यांच्याकडे, तिसरी नाहीच.

खिडकीजवळचा कॉम्प्युटर चालू होता आणि सातव्या ओळीवर थांबला होता. वीज आल्यावर आपोआप सुरू झाला असणार. पण प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाही, हे मीच सोमवारी शिकवलंय.

२६ जानेवारी, सोमवार

वर्ग घेतला. त्या कॉम्प्युटरपाशी बसायला कोणी तयार होईना. अनारकान म्हणाली तिथे खिडकीतून वारा लागतो. खिडकीला दुहेरी काच आहे.

उमसुनाई चित्र काढता काढता गुणगुणत होती. नूरमत, साटार, एशिम, कारागेर, बेकतेन, दोलोन. मी तिला कधीही शिकवलेली नाहीत. तिला वाटलं मी रागावले, म्हणून समजावून सांगायला लागली. साटार आजोबा तोंडात खिळे धरून बोलतात, म्हणून त्यांचं नीट कळत नाही. कारागेर आजोबा उभ्यानेच झोपतात. दोलोन आजोबांच्या अंगातून वारा येतो, त्यांच्या शेजारी बसलं की कान दुखतात.

चांभाराचं, घोड्याचं, खिंडीचं मी कोणापाशी बोललेले नाही. या वहीत लिहिलंय, आणि उमसुनाईला अजून वाचता येत नाही.

मी विचारलं, आणि सातवा? तिने मान कलती करून जरा ऐकलं आणि सांगितलं की त्याला अजून काहीच नाही. तोंड नाही, आवाज नाही, नाव नाही. आईने त्याला काही दिलंच नाही. तो शोधतोय.

२७ जानेवारी, मंगळवार

प्रोग्रॅम पुसून टाकला. वायर काढून कॉम्प्युटर कपाटात ठेवला. कानाला खडा लावला, आता फक्त बेरीज-वजाबाकीचे धडे.

दुपारी शेजारच्या कॉम्प्युटरवर 'नाव सांगा'. सहा नावं वर लिहिलेली. सातव्या ओळीत एकच अक्षर. उ.

मी ते खोडलं. माझ्या डोळ्यांदेखत परत आलं.

२८ जानेवारी, बुधवार

उमसुनाईचा आवाज बसला. दवाखान्यातल्या बाईंनी घसा बघितला, सर्दी म्हणाल्या, गरम दूध आणि मेंढीची चरबी सांगितली. घशाला सूज नाही, ताप नाही. ती बोलायला तोंड उघडते आणि नुसती हवा येते. तिला त्याचं विशेष वाटत नाही, हेच मला सहन होत नाही.

ओळीत आता 'उम'.

२९ जानेवारी, गुरुवार

दुपारी मी तिला मांडीवर घेऊन दूध पाजत होते. वाचनालयातून तिचा आवाज आला. माझ्याच मुलीचा, मी चुकणार नाही. मला हाक मारत होता. आई, इकडे ये, इथे सगळे बसलेत. मांडीवर ती दूध पीत होती. तिने भिंतीकडे बोट दाखवलं आणि हसली, बिनआवाजाची.

तिला उचलून बर्फातून तशीच आपांच्या घरी पळाले. सगळं सांगितलं. बालगृह, डॉक्टर, चांभार, घोडा, रिकामी ओळ. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणापुढे तरी खरं बोलले आणि ढसाढसा रडले. आपांनी कढईखालचा जाळ विझवला. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, एवढीशी असताना हे ओझं एकटीने कसं उचललंस?

मी विचारलं की अनारकाननेही बोलावले, सगळ्यांनी बोलावले, मग त्यांच्याकडे काही का नाही? आपा म्हणाल्या, "ज्यांना घर आहे ते संध्याकाळी घरी गेले. तुझे कुठे जातील?"

मग सात रोट्या तळा, दुवा म्हणा, निरोप द्या त्यांना, मी पाया पडले. त्यांनी मान हलवली. चांभाराच्या पाटीला आणि घोड्याला दुवा कशी लागणार? देवापुढे खोटी नावं कशी घ्यायची? त्या सातांमध्ये एक तरी खरं माणूस पाहिजे, म्हणजे त्याच्या मागोमाग बाकीचे जातील. मेंढ्या नाही का, एक वाटेला लागली की सगळ्या लागतात.

एवढं बोलल्या आणि त्यांचा चेहरा पडला. कारण आम्ही दोघींनी एकदमच उमसुनाईकडे बघितलं. सातव्या ओळीत कोणाचं खरं नाव भरलं जातंय, ते आम्हाला कळलं.

३१ जानेवारी, शनिवार

उमसु.

तिच्या हातमोज्यांवर मी लाल दोऱ्याने नाव विणलं होतं. तिथे आता नुसती लोकर आहे, दोरा उसवल्याची खूणही नाही. दवाखान्याच्या कार्डावर नावाची जागा कोरी.

आज सकाळी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मला — दोन श्वासांपुरतं — मला माझ्या मुलीचं नाव आठवलं नाही.

आपांच्या घरी ठेवलं तरी तेच. अंतराचा काही संबंध नाही. रक्ताचा आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

थंडीचं कारण सांगून वर्ग बंद केला. अनारकान पाव देऊन गेली. उमसुनाई दारातच उभी होती. अनारकानने तिच्या डोक्यावरून बघत मला विचारलं, लेक कुठाय तुझी?

उमसुना. एक अक्षर उरलं.

'निघा' असं फंक्शन लिहिलं. दहा वेळा लिहिलं. चालवलं की विचारतं, कोणाला? सहा नावं देते, ती तशीच परत येतात. सातवं मागतं आणि थांबतं. वाट बघतं. त्याला भूक नाही, झोप नाही —

मीच हसत हसत सांगितलं होतं ना हे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून विचार करतेय आणि विचार करण्यासारखं काही नाही. ओळ एक आहे. नाव एकच मावतं. जे आधी पूर्ण होईल ते त्याचं. हे त्यांनी नाही ठरवलं, मी लिहिलंय तसं.

माझं नाव खरं आहे का? हा एकच घोर. बालगृहात आईने सोडलं तेव्हा दुपट्याला चिठ्ठी होती, तिच्यावर एवढंच लिहिलं होतं. कालिपा. सहा बाप मी उसने आणले, पण हे मला कोणीतरी दिलंय. आयुष्यात मला कोणी दिलेली ही एकच वस्तू.

आपांना सगळं सांगितलं. उमसुनाई त्यांच्याकडे राहील. त्या नको नको म्हणाल्या, मग मला आत नेऊन सायीचा वाडगा पुढे ठेवला. सगळा संपवायला लावला. लहान मुलीला भरवतात तसा.

त्यांना एकच मागितलं. गुरुवारी रोट्या तळल्या की सातही नावं उमसुनाईने घ्यायची. मोठ्याने.

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

कॉम्प्युटरपुढे बसले. सगळे मागे भिंतीशी आहेत. मी वळून बघत नाही. खिळ्यांचा आवाज येतोय, दातांवर. मानेवर वारा.

उमसुना — आणि शेवटचं अक्षर उमटायला लागलंय, अर्धं —

खोडलं. पाच वेळा कळ. बोटं गार पडलीत. का. लि. त्याने 'का' खोडलं. परत. कालि — माझ्या कानाशी माझ्याच मुलीच्या आवाजात कोणीतरी रडतंय की नको ना आई, मला राहू दे — कालिपा. कळ दाबली.

'या, कालिपा. आत या. मानाच्या जागी बसा.'

आपांच्या घराकडून, रस्त्यापलीकडून, उघड्या दारातून, खणखणीत: आपा, मला भूक लागली.

तिचाच आवाज. तिच्याच घशातून. देवा, किती मोठ्याने ओरडते ही पोरगी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नमद्यावर जागा केली त्यांनी. सातवी. आता गार नाही लागत.

अनारकान आली होती. खिडकीजवळचं टेबल पुसून गेली. मी हाक मारली. पुसत राहिली.

ही वही कोणाची ते पहिल्या पानावर लिहिलं होतं. बघितलं. अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. मी — मला काय म्हणायचे —

तेलाचा वास. रस्त्यावरून येतोय. इतकी भूक मला कधी लागली नव्हती. घोडा उठून उभा राहिला. सगळे उठलेत, दाराकडे तोंड करून. मी पुढे असावं असं त्यांना वाटतं. मी दाखवीन ती वाट.

तिचा आवाज. नूरमत. साटार. खणखणीत म्हणतेय, कुठे खोकत नाही. एशिम. कारागेर. बेकतेन.

दोलोन.

आता सातवं. म्हण, बाळा, थांबू नकोस, मोठ्याने म्हण, मला माझं नाव —